एएमएच १.१४, एफएसएच जास्त, आणि हे म्हणतात "मला काय धाड भरलीय". पुढं काय करू?

अबोली_इचल (मंगळवार, रात्री ११:५०)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहायला बसले. लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ३१, राहणार इचलकरंजी, पतसंस्थेत कारकून. लग्नाला अडीच वर्षं झाली, चौदा महिने झाले आम्ही चान्स घेतोय. पाळी येते पण उशिरा, ३५-३६ दिवसांनी. कॉलेजपासून तशीच आहे. बाकी तब्येतीची तक्रार नाही. मार्चएंडच्या जागरणांनी पित्त खवळलंय म्हणून रोज सकाळी अनशापोटी पित्ताची कॅप्सूल घेते, एवढंच.

मागच्या आठवड्यात जावेचं डोहाळजेवण झालं. जाऊ माझ्यामागून घरात आलेली. ओटी भरायला सगळ्या उठल्या तशी मीही उठले, तर चुलत सासूबाई म्हणाल्या, "तू बस गं, दमली असशील." सकाळपासून दीडशे पुऱ्या लाटत होते तेव्हा कुणाला मी दमलेली दिसले नव्हते.

त्याच रात्री मोबाइलवर एका लॅबचं 'फर्टिलिटी पॅकेज' बुक करून टाकलं. घरी येऊन रक्त नेणार, चौदा तपासण्या, वर सवलत. रविवारी सकाळी पोरगा आला, दंडाला रबर बांधला, तीन ट्यूब भरून घेऊन गेला. पाळीचा कितवा दिवस, कसली गोळी चालू आहे का, काही म्हणजे काही विचारलं नाही. मी नंतर बोटं मोजली तर एकविसावा दिवस होता. प्रोजेस्टेरॉन एकविसाव्या दिवशीच करतात असं कुठंतरी वाचलं होतं, त्यामुळं उलट बरंच वाटलं.

काल रात्री रिपोर्ट आला. पहिल्या पानावर लाल पट्टी आणि तिच्यात बाण डावीकडं, 'कमी'च्या घरात. आकडे हे असे, सगळी हार्मोन्स; त्यातलं एएमएच म्हणजे अंड्यांच्या साठ्याचा अंदाज म्हणे:

एएमएच १.१४
एफएसएच १३.८
एलएच ३४
इस्ट्राडिओल २६०
प्रोजेस्टेरॉन ०.६
प्रोलॅक्टिन ३८
टीएसएच २.८

रात्रभर वाचत बसले. एफएसएच दहाच्या वर म्हणजे अंडी संपत आली. एलएच हे एफएसएचच्या दुप्पट म्हणजे पीसीओडी. प्रोजेस्टेरॉन तीनच्या खाली म्हणजे अंडं फुटतच नाही. म्हणजे माझी अंडी संपलीत पण, पीसीओडीनं जास्तही झालीत, आणि जी आहेत ती फुटत नाहीत! एकाच बाईला हे सगळं होतं का हो?

माझी कॉलेजची मैत्रीण इंग्लंडात रीडिंग नावाच्या गावी असते. तिनंही मध्यंतरी एएमएच केलं होतं, तिचं ८.२. आम्ही एका वयाच्या, एका बाकावरच्या. तिचं आठ आणि माझं एक. आज दुपारी काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना त्या लॅबवाल्यांच्या 'काउन्सेलर'चा फोन: "मॅडम, तुमच्याकडे वेळ कमी आहे, आयव्हीएफ पॅकेजची माहिती पाठवू का?" त्यानंतर व्हाउचर दोनदा चुकलं माझं.

हे सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात आहेत. "तू पण तपासून घे" म्हटलं तर म्हणाले, "मला काय धाड भरलीय? रिपोर्ट तुझा लाल आलाय." सासूबाईंचं म्हणणं, निपाणीकडं एक औषध देणारा आहे त्याच्याकडं जाऊ.

खरंच वेळ कमी आहे का? आधी कुठं जाऊ?

मिरजेची_ताई (बुधवार, सकाळी ६:३५)

अबोली, आधी चहा घे. मग तो रिपोर्ट मिटून ठेव.

दुसरं, वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर दोघांनी तपासायचं, हा साधा नियम आहे. बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांतच. तुझं वर्ष उलटून गेलंय म्हणजे तू काही उतावीळपणा केलेला नाहीस. चुकलं एवढंच की डॉक्टरच्या आधी दुकानात गेलीस.

बाकी लॅबवाले काका येऊन सांगतीलच. ते आकडे वाचतात, मी माणसं वाचते. तुझ्या नवऱ्याला राग आलेला नाही, भ्यायलाय तो.

निसर्गवैद्य_१०१ (बुधवार, सकाळी ९:१०)

ताई घाबरू नका. शतावरी, अशोक आणि आमचा खास काढा ३ महिने. एएमएच १ वरून ५ झालेल्या भगिनी आहेत. १०१% गुण. संपर्क: *[मदतनीस: फोन नंबर काढला आहे. धाग्यावर जाहिरात नको.]*

मिरजेची_ताई (बुधवार, सकाळी ९:१४)

एकशे एक टक्के! वरचा एक टक्का कुणाचा, तुमचा?

लॅबवाले_काका (बुधवार, दुपारी ३:२०)

ताई, मी डॉक्टर नाही. अडतीस वर्षं लॅबमध्ये काढली, आता कोल्हापुरात अर्धवेळ बसतो. निदान करणार नाही, पण तुमच्या कागदावर काय छापलंय ते वाचून दाखवतो.

तुमचा रिपोर्ट खोटा नाही. चुकीच्या दिवशी काढलेला आहे. बाईच्या रक्तातले हे आकडे रोज बदलतात. सकाळच्या एसटी स्टँडचा फोटो काढून कुणी म्हणालं की गावात गर्दी फार, तसं झालंय.

एफएसएच, एलएच, इस्ट्राडिओल हे पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघतात. तेव्हा अंडाशय शांत असतं, म्हणून त्या दिवसाचे आकडे एकमेकांशी ताडता येतात. 'एफएसएच दहाच्या वर' हे जे तुम्ही वाचलंत ते त्या दिवसासाठी आहे. एकविसाव्या दिवसाला ती फूटपट्टी लागत नाही.

आता तुमचा एकविसावा दिवस नेमका कसला होता ते बघू. अंडं फुटल्यापासून पुढची पाळी साधारण चौदा दिवसांनी येते. तुमचं चक्र ३५ दिवसांचं. पस्तीसमधून चौदा गेले, राहिले एकवीस. अंडं फुटायच्या आधी एलएच एकदम उसळी घेतं, त्याच्याबरोबर एफएसएचही थोडं चढतं, त्याच्या आधी इस्ट्राडिओल वर गेलेलं असतं आणि प्रोजेस्टेरॉन अजून खालीच असतं. वर गेलेलं एलएच, चढलेलं एफएसएच, भरलेलं इस्ट्राडिओल, खालचं प्रोजेस्टेरॉन. चारही तुमच्या कागदावर आहेत. पक्कं तुमचे डॉक्टर सांगतील, पण माझ्यासमोर हा कागद आला असता तर मी म्हणालो असतो, या बाईंचं अंडं बहुधा आज-उद्या फुटणार आहे. ज्या आकड्यांवरून तुम्ही रात्रभर जागलात ते अंडाशय काम करतंय याचे आकडे असावेत.

'एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन' हे २८ दिवसांचं चक्र असणाऱ्या बाईसाठी. खरा नियम म्हणजे पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी. तुमच्यासाठी तो दिवस अठ्ठाविसावा-एकोणतिसावा, म्हणजे येता रविवार-सोमवार. त्या दिवशी तीनच्या वर आलं तर अंडं फुटलं असं धरतात. चौदा तपासण्यांचं पॅकेज परत नको, हा एकच आकडा काढा.

आता मैत्रिणीचं आठ. तिच्या रिपोर्टवर आकड्यापुढं काय लिहिलंय ते तिला विचारा. इंग्लंडात एएमएच पिकोमोल प्रति लिटरमध्ये देतात, आपल्याकडं नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. आपल्या आकड्याला ७.१४ नं गुणलं की त्यांचा आकडा येतो. १.१४ गुणिले ७.१४ करा, ८.१४ येतं. तुम्ही दोघी आजही एकाच बाकावर आहात.

१.१४ हे एकतीस वर्षांच्या मानानं खालच्या बाजूला आहे, ते मी झाकणार नाही. पण एएमएच साठ्याचा अंदाज देतं, बियाणाची प्रत सांगत नाही. आयव्हीएफच्या इंजेक्शनांना किती अंडी मिळतील हे ठरवायला त्याचा मोठा उपयोग. दिवस राहतील की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही.

प्रोलॅक्टिन ३८ थोडं जास्त आहे. तुमच्या पित्ताच्या कॅप्सूलच्या पाकिटावर बारीक अक्षरात 'डॉमपेरिडोन' लिहिलंय का बघा. त्यानं प्रोलॅक्टिन चढतं. झोपेतून उठल्या उठल्या रक्त काढलं किंवा सुई बघून घाबरलात तरी चढतं.

आणि यजमान. माझ्या टेबलावरून गेलेल्या चिठ्ठ्यांचा हिशेब सांगतो: बायकोच्या पाच-पाच फायली होतात, नवऱ्याचा एक कागद नसतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळजवळ निम्म्या ठिकाणी पुरुषाकडंही काहीतरी सापडतं, कधी एकट्याकडं, कधी दोघांकडं. त्यांच्या तपासणीला, म्हणजे वीर्य तपासायला, सुई नाही, भूल नाही, डबी तेवढी लागते. ती न करता बाईला पुढच्या तपासण्यांना पाठवणं मला कधी पटलं नाही.

सायझिंगमध्ये नेमकं काय करतात ते? वाफेच्या सिलिंडरांजवळ उभं राहायचं काम आहे का?

अबोली_इचल (बुधवार, रात्री १०:०५)

काका... पाकीट बघितलं. पॅन्टोप्राझोल ४०, डॉमपेरिडोन ३०. चार महिने घेतेय! मेडिकलवाल्यानं दिली होती, डॉक्टरांनी नाही.

मैत्रिणीनं रिपोर्टचा फोटो पाठवला. पिकोमोलच आहे. आम्ही दोघी फोनवर आधी हसलो आणि मग ती रडायला लागली, कारण ती इतके दिवस माझ्यासमोर आठ-आठ करत मिरवत होती म्हणे.

सायझिंग: हो, तसंच. सूत खळीतून काढतात आणि गरम सिलिंडरांवरून वाळवत बीमवर घेतात, त्या मशीनवर. बारा तासांची पाळी. उन्हाळ्यात घरी येतात तेव्हा बनियन पिळून काढावं लागतं. तुम्ही का विचारलंत ते कळलं, पण हे त्यांना कोण सांगणार?

तासगावचा_बागायतदार (गुरुवार, सकाळी ७:२०)

मी सांगतो. वहिनी, हा प्रतिसाद दादांना वाचायला द्या. पुरुषानं पुरुषाला सांगितलेलं बरं.

दादा, तीन वर्षांमागची गोष्ट. बायकोच्या सोनोग्राफ्या चालल्या होत्या, एका आड एक दिवस सांगलीला, अंडं कधी फुटतंय ते बघायला. फॉलिक्युलर स्टडी म्हणतात त्याला. असे दोन महिने झाले. मी बाहेर बाकड्यावर बसून द्राक्षाच्या फवारणीचं वेळापत्रक मोबाइलवर बघायचो. मला कुणी काही विचारलं नाही आणि मी कशाला तोंड उघडतोय! तिसऱ्या महिन्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्या म्हणाल्या, "यांचा रिपोर्ट कुठाय?" बायकोनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यानं जेवढं झालं तेवढं त्या डबीनं झालं नाही.

लॅबमध्ये एक बाथरूम दाखवलं. बादली, मग, मागच्या वर्षीचं कॅलेंडर, आणि दाराची कडी अर्धी तुटलेली. बाहेर एक आजी साखरेच्या रिपोर्टावरून मोठमोठ्यानं भांडत होती. जमलं नाही. दुसऱ्या खेपेला घरून आणलं तर हिवाळा, पंचवीस-सव्वीस किलोमीटर मोटरसायकल. डबी आतल्या खिशात, अंगाला लावून, कारण थंडी लागली की शुक्राणू मरगळतात. तासाच्या आत पोचलो.

काउंट आला सहा मिलियन. लागतो निदान सोळा. मी दोन दिवस बागेतच झोपलो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मागच्या तीन महिन्यांत ताप आला होता का? आला होता की! ऑक्टोबर छाटणीच्या वेळी टायफॉइड, एकशे तीनपर्यंत गेलेला, दहा दिवस. त्या म्हणाल्या, पुरुषाचं बीज तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, आज जे दिसतंय ते तुमच्या तापातलं पीक आहे. असं शेतकऱ्याला सांगितल्यावर कळतं. तीन महिन्यांनी परत दिलं, ४१ आला. औषध काही नाही, तंबाखू सोडली तेवढी.

सगळ्यांचं असंच होईल असं नाही. माझ्या मावसभावाला व्हेरिकोसिल निघालं, म्हणजे तिथल्या शिरा फुगलेल्या, त्याचं ऑपरेशन झालं. पण कागद काढल्याशिवाय यातलं काहीच कळत नाही. आणि चाळीसच्या वर काउंट आल्यावरही आम्हाला आठ महिने लागलेच. पोरगी आता दीड वर्षाची आहे, माझा चार्जर चावत बसलीय.

लॅबवाले_काका (गुरुवार, दुपारी १:५०)

बागायतदारांनी माझं अर्धं काम केलं. उरलेलं लिहितो.

नमुना देण्याआधी संबंधांत तीन-चार दिवसांचं अंतर ठेवा. नियम दोन ते सात दिवसांचा आहे. दहा-पंधरा दिवस 'साठवून' आणणारे भेटतात, त्यानं आकडा फुगतो आणि हालचाल मंदावते. शक्य असेल तर लॅबमध्येच द्या. घरून आणायचं तर लॅबनं दिलेल्या डबीतच. साधा कंडोम, साबण, तेल काही वापरायचं नाही, त्यात ते मरतात.

आल्यावर नमुना आधी घट्ट असतो, अर्ध्या तासात पातळ होतो, मग आम्ही थेंब काचेवर घेतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं जत्रा भरलीय. नीट बघितलं की कळतं, सगळे पळत नाहीत. काही जागच्या जागी शेपटी हलवत राहतात, काही स्वतःभोवती गोल फिरतात, काही निपचित. सरळ पुढं जाणारे शंभरात तीस असले तरी पुरे धरतात. नीट आकाराचे शंभरात चार असले तरी चालतं. हो, चार. 'नॉर्मल फॉर्म्स ४%' वाचून एक मास्तर माझ्यासमोर खुर्चीत बसले होते ते उठेनात. त्यांना वाटलं शंभरात चार मार्क पडले.

काउंटची खालची रेघ पूर्वी वीस मिलियन छापायचे, २०१० च्या डब्ल्यूएचओच्या पुस्तकात पंधरा झाली, २०२१ च्या पुस्तकात सोळा. काही लॅबा अजून जुनेच कागद छापतात, तेव्हा अठरा येऊन 'कमी' लिहिलेलं दिसलं तर खचू नका. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांचे आकडे मांडून त्यातल्या तळाच्या पाच टक्क्यांवर ही रेघ ओढलेली आहे. तिच्या खाली आलं म्हणजे मूल होणार नाही असं नाही, वर आलं म्हणजे होईलच असंही नाही. एकदा कमी आलं तर परत करायचं, मगच बोलायचं.

उष्णतेचं: ती जागा अंगापेक्षा दोन-तीन अंश थंड राहावी म्हणूनच निसर्गानं बाहेर ठेवलीय. भट्टी, बॉयलर, मांडीवरचा लॅपटॉप, रोज कढत पाण्याची अंघोळ, घट्ट जीन्स, यांनी फरक पडू शकतो. पण म्हणून सायझिंगलाच दोष देऊ नका. इचलकरंजीत सायझिंगवाल्यांच्या घरी पाळणे हललेच आहेत की.

थोडं विषयांतर. मी मुंबईत शिकत होतो तेव्हा, ६ ऑगस्ट १९८६ ला, परळच्या केईएममध्ये हर्षाचा जन्म झाला, डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून. टेस्ट ट्यूब बेबी म्हणून पेपरभर बातम्या. आमच्या होस्टेलात पेढे वाटले, कुणाचं कोण नसताना. मला वाटलं, आता लोक मोकळेपणानं तपासायला येतील. आले. बायका आल्या.

लेस्टरची_वहिनी (गुरुवार, संध्याकाळी ६:३०)

इथं युकेत जीपीकडं (फॅमिली डॉक्टरकडं) गेलं की बाईचं रक्त आणि पुरुषाची डबी एकदमच लिहून देतात. माझ्या नवऱ्याची कुरकुर करायची संधीच गेली.

एएमएचबद्दल भर घालते. अमेरिकेत २०१७ साली एक अभ्यास छापून आला होता, ३० ते ४४ वयाच्या साडेसातशे बायकांचा. ज्यांचं एएमएच ०.७ च्याही खाली होतं त्यांना आपसूक दिवस राहण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी दिसलं नाही. पण अबोली, त्या बायकांना आधीपासून मूल होण्यात अडचण नव्हती, तुझे चौदा महिने झालेत. त्यामुळं 'मग मला काही करायला नको' असा अर्थ काढू नकोस. 'वेळ कमी आहे' म्हणणाऱ्या फोनला मात्र तो ऐकव.

अबोली_इचल (गुरुवार, रात्री ११:१५)

ह्यांना बागायतदारदादांचं वाचायला दिलं. वाचून काही बोलले नाहीत. मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "कॅलेंडर कुठल्या सालचं होतं विचार." एवढंच. पण हसले.

मिरजेच्या ताई, डॉक्टर एचएसजी (नळ्यांचा एक्स-रे) सांगतील असं सगळे म्हणतात. फार दुखतं का हो? खरं सांगा.

मिरजेची_ताई (शुक्रवार, सकाळी ६:५०)

खरं सांगते. दुखतं. पण जेवढं घाबरवतात तेवढं नाही, आणि थोडाच वेळ.

पाळीचं रक्त पूर्ण थांबल्यावर आणि अंडं फुटायच्या आधी करतात. एक्स-रेच्या टेबलावर झोपवतात, पाय वर. स्पेक्युलम घालतात, तो गार लागतो. मग बारीक नळीतून डाय सोडतात. तो गर्भाशयात भरला की पाळीच्या पहिल्या दिवसाची जी कळ असते तिच्या तिप्पट एक कळ येते, मी मनात वीसपर्यंत मोजलं. डाय नळ्यांतून जाऊन पोटात सांडला की स्क्रीनवर दोन्हीकडं धुरासारखं पसरताना दिसतं. मला फक्त उजवीकडं दिसलं. डावी नळी मुळाशीच बंद.

तिथं तंत्रज्ञ पोरगी पटकन बोलून गेली, "एक ट्यूब गेलीय." गेलीय! पर्स गेल्यासारखं. पुढं दुर्बिणीतून बघितलं तेव्हा तीच नळी उघडी निघाली. भीतीनं, कळेनं नळी तोंडाशी आवळून घेते आणि डाय आत जात नाही, तेव्हा अशी फसगत होते म्हणे. ते कळेपर्यंत पाच महिने मी स्वतःला अर्धी समजत होते.

डॉक्टरांना विचारून तासभर आधी दुखण्याची गोळी घे. घरात कुणाला टीबी झाला होता का, तुला लहानपणी झाला होता का, हे आठवून ठेव. आपल्याकडं टीबी गुपचूप नळ्यांत जाऊन बसतो, खोकला नाही, ताप नाही. डॉक्टर विचारतील तेव्हा "नाही नाही" म्हणू नकोस लाजून. आयोडीनची ॲलर्जी असेल तर आधी सांग. जाताना पॅड ने, आणि सोबत माणूस ने. सासूबाई नकोत.

पण तोपर्यंत नवऱ्याचा कागद हातात पाहिजे. त्याचा काउंट शून्य निघाला तर तुझ्या नळ्या आत्ता बघून काय करायचंय?

नागपुरी_संत्रं (शुक्रवार, सकाळी १०:४०)

एक गोष्ट कोणीच बोलून नाही राहिलं. दोघांचंही हिमोग्लोबिनचं एचपीएलसी, म्हणजे वाहक ओळखायची रक्ततपासणी, एकदा करून घ्या. आमच्या विदर्भात सिकलसेल, काही समाजांत थॅलेसेमिया. नवरा-बायको दोघं वाहक असले तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता की बाळाला आजारच होईल. वाहक माणूस स्वतः ठणठणीत असतो, त्याला माहीतच नसतं. आणि रुबेलाची लस झाली का ते बघा, ती दिवस राहायच्या आधीच घ्यावी लागते. फॉलिक ॲसिड तर सुरू असेलच ना?

अबोली_इचल (अडीच आठवड्यांनी, बुधवार, दुपारी १:३०)

मंडळी, हालहवाल सांगते. डबा खाता खाता टाइप करतेय.

त्या रविवारी फक्त प्रोजेस्टेरॉन केलं. ११.२! काका, तुमचं गणित बरोबर आलं. म्हणजे अंडं फुटलं होतं. मग आठ दिवस मी हवेत. सोमवारी पाळी आली, पस्तीस दिवस होऊन छत्तिसाव्या दिवशी. बाथरूममध्ये नळ सोडून जे काय करायचं ते केलं.

मंगळवारी, दुसऱ्या दिवशी, कोल्हापूरच्या डॉक्टरांकडं. लाल पट्टीचा रिपोर्ट पुढं केला, त्यांनी तो उलटा केला आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर माझी माहिती लिहून घेतली. तिथलं रक्त: एफएसएच ७.१, एलएच ५.४. पित्ताची कॅप्सूल त्यांनी बदलून दिली होती फोनवर आधीच, प्रोलॅक्टिन १६. आतून सोनोग्राफी केली, दोन्हीकडं मिळून नऊ बारीक फॉलिकल मोजले. "कमी बाजूला आहेत, पण आहेत," म्हणाल्या. रुबेलाचं आणि एचपीएलसीचं रक्त दिलंय, फॉलिक ॲसिड सुरू. एचएसजी पुढच्या पाळीनंतर, यांचा रिपोर्ट बघून.

आणि आज सकाळी हे गेले! रात्रपाळी करून, अंघोळ करून, बागायतदारदादांचं ऐकून लॅबमध्येच. मी पतसंस्थेत, जीव टांगणीला. अकराला फोन आला, "झालं." पण आत्ता जेवायच्या वेळी परत फोन करून हळूच म्हणतात की थोडं बाहेर सांडलं, लाजेनं कुणाला बोललो नाही, तशीच डबी ठेवून आलो. काका, चालेल का?

लॅबवाले_काका (बुधवार, दुपारी १:५२)

किती सांडलं ते सोडा. सुरुवातीचं सांडलं की शेवटचं? पहिल्या भागातच बीज जास्त असतं. विचारून सांगा.

अबोली_इचल (बुधवार, दुपारी २:२०)

विचारलं. तिकडून दोन मिनिटं नुसता मागचा रिक्षांचा आवाज.

सुरुवातीचं.

लॅबवाले_काका (बुधवार, दुपारी २:२६)

मग तो काउंट धरू नका. लॅबला आत्ताच फोन करून सांगा, म्हणजे ते रिपोर्टवर तशी नोंद करतील. आणि शनिवारी परत द्या. रुंद तोंडाची डबी मागा म्हणावं, असते त्यांच्याकडं, मागितल्याशिवाय देत नाहीत.

तासगावचा_बागायतदार (बुधवार, दुपारी ३:०५)

दादा, माझंही पहिल्या खेपेला जमलं नव्हतं. आणि वहिनी, कॅलेंडर २०२० चं होतं. बायको म्हणते २०१९.